अफलातूनचा कांदा



नाशिक किंवा जुन्नर या बाजूस माघ-फाल्गुनांत ज्यांचा प्रवास झाला असेल, त्यांनीं कांद्याचें बीं धरण्यासाठीं राखलेलें शेत पाहिलेंच असेल. पोकळ हिरव्या दांड्यावर बारीक पांढऱ्या फुलांचा वाटोळा गोंडा, आणि त्याभोवतीं मधमाश्यांची लगबग. शेतकरी त्या दांड्यास डेंगळा म्हणतो. गोंडा वाळला कीं त्यांतील काळें उळें झाडून घ्यावयाचें आणि पुढील हंगामाची तजवीज करावयाची, एवढाच त्याचा त्या फुलाशीं व्यवहार. त्यास फूल म्हणणें हेंही कित्येकांस थोडें विचित्र वाटेल. कारण फूल म्हटलें म्हणजे तें देवाला वाहावयाचें किंवा वेणींत माळावयाचें, आणि कांदा तर देवघराच्या उंबऱ्याबाहेरचा!

आतां हाच गोंडा मनांतल्या मनांत थोडा मोठा करा, दांडा कमरेइतका उंच करा, आणि पांढऱ्याच्या जागीं पिकल्या जांभळाचा किंवा करवंदाचा रंग भरा. असें फूल इंग्लंड, हॉलंड, जर्मनी या देशांतील बागांत मे आणि जून महिन्यांत शेंकड्यांनीं उभें असतें. हिरवळीच्या अगर पाऊलवाटेच्या कडेनें फुलझाडांचा जो लांबट पट्टा राखतात, त्यास इंग्रज लोक 'बॉर्डर' म्हणतात. आपण त्यास कडेचा ताटवा म्हणूं. त्या ताटव्यांत हें काळसर जांभळें कांद्याचें फूल आज मानाच्या जागीं असतें. हा मान त्यास पूर्वीपासून नव्हता. तो कसा मिळाला, आणि मिळतां मिळतां त्याच्या नांवागांवाचें काय झालें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कांदा आणि लसूण हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं 'स्पीसीज प्लांटारम' हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या सर्वांस 'अ‍ॅलियम' या एका नांवाखालीं आणलें. हा मूळचा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ लसूण. आज या घराण्यांत नऊशेंहून अधिक जाती मोजल्या जातात. त्यांपैकीं माणसाच्या ताटांत येणाऱ्या फार थोड्या. बाकीच्या डोंगरांच्या उतरणीवर, दगडगोट्यांत, कोरड्या माळावर आपापल्या ऋतूंत फुलतात आणि सुकून जातात.

आपल्याकडे पलांडु आणि लशुन यांस वैद्यकांत मान आणि धर्मांत निषेध अशी दुहेरी वागणूक मिळाली. चातुर्मासांत कांदा वर्ज्य; म्हणून आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, भजीं आणि थालीपिठें करून चार महिन्यांची कसर आधींच भरून काढावयाची! युरोपांत निषेध होता तो धर्माचा नव्हे, तर वासाचा. परसांतल्या भाजीच्या वाफ्यांतील वनस्पति दिवाणखान्यासमोर कशी लावावी, हा संकोच तेथेंही होता. वास्तविक पाहतां या आक्षेपांत फारसा अर्थ नाहीं. कांद्याच्या पेशी अखंड असतात तोंवर त्याला उग्र वास नसतो. पान चुरगळलें किंवा गड्डा चिरला म्हणजे पेशींत निरनिराळ्या जागीं राहिलेलीं दोन द्रव्यें, एक गंधकयुक्त आणि दुसरें त्यावर क्रिया करणारें, एकत्र येतात आणि मग तो वास सुटतो. ज्यानें झाडास हात लावला नाहीं त्याला झाडानेंही कांहीं केलें नाहीं.

तरीसुद्धां या घराण्याला एक कुलीन पूर्वज ग्रीक वाङ्मयानें देऊन ठेवला होता. होमरच्या 'ओडिसी'त सर्सी नांवाची एक मायाविनी आहे. ती माणसांचीं डुकरें करून टाकते. तिच्या मायेपासून बचाव व्हावा म्हणून हर्मीस हा देव ओडिसियसला 'मोली' नांवाची वनस्पति देतो. तिचें मूळ काळें आणि फूल दुधासारखें पांढरें, असें वर्णन आहे. ही मोली कोणती, याचा खल पुढें शतकानुशतकें चालला आणि शोभेच्या जंगली कांद्यांस हें नांव चिकटलें. १५९७ सालच्या जेरार्डच्या वनस्पतिकोशांत आणि १६२९ सालच्या पार्किन्सनच्या उद्यानग्रंथांत या मोली आढळतात. म्हणजे तीनचारशें वर्षांपूर्वीं कांद्याला बागेंत शिरण्यासाठीं दुसऱ्याचें नांव सांगावें लागत होतें! पुढें लिनियसनें 'अ‍ॅलियम मोली' हें नांव ज्या जातीला दिलें तिचें फूल तर चक्क हळदीसारखें पिवळें आहे.

नांव एक आणि रंग दुसरा, ही गंमत या घराण्यांत पुन्हां पुन्हां भेटते. १७६२ सालीं लिनियसनेंच एका जातीस 'नायग्रम', म्हणजे काळी, असें नांव दिलें. फूल पाहावें तर पाकळ्या पांढुरक्या. काळपट हिरवा आहे तो फक्त मधला बीजकोश. उलट 'स्फेरोसेफॅलॉन' या जातीचें नांव केवळ 'वाटोळ्या डोक्याची' एवढेंच सांगतें. परंतु तिचा अंड्याच्या आकाराचा लहानसा गोंडा प्रथम हिरवा असतो आणि मग वरून खालीं किरमिजी जांभळा होत जातो, तो रंग मात्र नांवांत कोठेंच नाहीं. ही जात ब्रिटनच्या मुख्य भूमीवर ब्रिस्टल शहराजवळच्या एव्हन नदीच्या खिंडींत तेवढी रानटी उगवते, म्हणून तिला ब्रिस्टलचा कांदा असें म्हणतात. खऱ्या अर्थानें काळवंडलेलें फूल पहावयाचें तर हंगेरीकडे जावें लागेल. वाल्डस्टाइन हा सरदार आणि किटाइबेल हा वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांनीं हंगेरींतील दुर्मिळ वनस्पतींचा जो सचित्र त्रिखंडात्मक ग्रंथ १८१२ सालीं पुरा केला, त्या दोघांनीं वर्णन केलेली 'आट्रोपर्प्युरियम' ही जात कोकमाच्या आगळाइतकी गडद असते. येथें नांव आणि रंग यांचा मेळ बसला आहे. पण या जातीनें बागा जिंकल्या नाहींत. बागा जिंकणारीं फुलें आलीं तीं आणखी पूर्वेकडून, आणि तीं फौजांच्या मागोमाग आलीं.

शाळेंत मध्य आशियाचा नकाशा लावला म्हणजे समरकंदपाशीं तैमूरचें आणि फरगाण्यापाशीं बाबराचें नांव आम्ही मुलांस सांगत असूं. त्याच प्रदेशांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रशियन साम्राज्य पाय पसरीत होतें. १८६५ सालीं ताश्कंद पडलें, १८६८ सालीं समरकंद, १८७३ सालीं खीवा. १८७६ सालीं कोकंदचें राज्य खालसा झालें. सैन्य जातें तेथें मोजणीदार जातो, आणि मोजणीदारामागून वनस्पति गोळा करणारा जातो. हा क्रम आपल्यास अपरिचित नाहीं. ट्यूलिपच्या एका सुंदर जातीस तुर्कस्तानचा गव्हर्नर-जनरल कौफमान याचें नांव १८७७ सालीं मिळालें, यावरून फुलांचें बारसें कोणत्या वाऱ्यांत होत होतें हें ध्यानांत यावें.

तें नांव देणारा पंडित एडुआर्ड रेगेल. हा जन्मानें जर्मन. झुरिचच्या उद्यानांतून १८५५ सालीं सेंट पीटर्सबर्गला गेला आणि १८७५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९२ पर्यंत, तेथील शाही वनस्पति-उद्यानाचा संचालक होता. तोंवर ज्ञात असलेल्या सर्व अ‍ॅलियम जातींवर त्यानें १८७५ सालीं एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा आल्बर्ट हा डॉक्टर; १८७६ पासून तो इली नदीच्या खोऱ्यांत कुल्जा येथें सरकारी वैद्य होता, आणि औषधोपचारांतून सवड काढून, किंवा सवडींतून औषधोपचार करून, कंद आणि बियाणें वडिलांकडे धाडीत होता. बापानें राजधानींत बसून नांवें द्यावीं आणि लेकानें डोंगर तुडवावे, अशी ही जोडी. पुरुषभर उंचीच्या दांड्यावर जांभळा चेंडू धरणारा 'जायगँटियम' हा कांदा रेगेलनें १८८३ सालीं नोंदविला. त्याआधीं १८७५ सालीं 'कराताविएन्से' नोंदला होता. तुर्की भाषांत 'करा' म्हणजे काळा आणि 'ताउ' म्हणजे पर्वत. पर्वत काळा, परंतु त्यावरच्या या कांद्याचें फूल फिकट गुलाबी पांढरें!

या सर्व मंडळींत मला सर्वांत जिव्हाळा वाटतो तो फेद्चेन्को या कुटुंबाविषयीं. अलेक्सेइ फेद्चेन्को आणि त्याची पत्नी ओल्गा हीं दोघें १८६८ ते १८७१ या काळांत तुर्कस्तानांत हिंडलीं. वनस्पतींचें काम मुख्यतः ओल्गाबाईंचें. अलेक्सेइचें एक काम मात्र आपल्या दाराशीं येऊन पोंचतें. नारूचा जंतु पाण्यांतील एका सूक्ष्म किड्याच्या पोटांत वाढतो आणि तें पाणी प्याल्यानें माणसाच्या अंगांत शिरतो, ही गोष्ट त्यानें १८७० च्या सुमारास शोधून काढली. पायऱ्यांच्या विहिरींतलें पाणी गाळून प्या, असें खेडोपाडीं सांगत फिरणाऱ्या आरोग्यसेवकांच्या सांगण्याचें मूळ या शोधांत आहे. भारत २००० सालीं नारूमुक्त जाहीर झाला. शोध लावणारा हा मनुष्य १८७३ सालीं आल्प्समध्यें माँ ब्लाँच्या हिमनदीवर वादळांत सांपडून मरण पावला. तेव्हां त्याचा मुलगा बोरिस एक वर्षाचाही झालेला नव्हता. ओल्गाबाईंनीं पतीचें अपुरें काम तर पुढें चालविलेंच, पण मोठ्या झालेल्या मुलास बरोबर घेऊन त्या पुन्हां त्याच डोंगरांत गेल्या.

या बोरिस फेद्चेन्कोनें १९०४ सालीं एका जांभळ्या फुलाच्या कांद्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ज्या ठिकाणाहून तो आला त्याचें नांव अफलातून. हें ठिकाण फरगाण्याच्या उत्तरेच्या डोंगरांत, आजच्या किरगिझस्तानांत आहे. त्यावरून कांद्याचें नांव पडलें 'अफलातुनेन्से'. अफलातून हा शब्द ऐकून आपल्यापैकीं कोणी दचकूं नये. प्लेटो या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नांवाचें अरबी-फारसी रूप तें हेंच, आणि फारशींतून मराठींत येऊन त्याचा अर्थ 'विलक्षण, अजब' असा झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. मराठी मनुष्यानें या फुलास 'अफलातून' म्हणावें आणि तें शास्त्रोक्तही ठरावें, असा योग विरळा.

तथापि शास्त्रज्ञाच्या कपाटांतलें वाळकें फूल आणि बागेंतलें हिरवें झाड यांत मोठें अंतर असतें. तें अंतर तोडलें आगगाडीनें आणि डच व्यापाऱ्यांनीं. कास्पियन समुद्राकडून निघालेला लोहमार्ग १८८८ सालीं समरकंदला पोंचला. सुप्तावस्थेंतला कंद हा जात्याच उत्तम प्रवासी; त्यास महिनोन्महिने पाणी नको कीं माती नको. हार्लेम येथील व्हान टुबर्गेन या १८६८ सालीं स्थापन झालेल्या पेढीनें बुखारा आणि ताश्कंदकडील आपल्या माणसांकरवीं कंद खणून आणविले, वाढविले आणि सूचीपत्रांत छापले. फौजी अधिकाऱ्याचें नांव फुलास मिळालें, पंडिताचें मिळालें, गांवाचेंही मिळालें. उन्हांत वांकून कुदळीनें गड्डे काढणारे जे किरगीझ आणि ताजिक हात होते, त्यांचें नांव कोणत्याच फुलाला मिळालें नाहीं.

हें फूल लावावें कसें, याचें शास्त्र त्याच्या जन्मभूमीच्या हवेंतच आहे. तिकडे हिंवाळा कडक, वसंतांत बर्फ वितळून मुबलक ओल, आणि उन्हाळा भाजून काढणारा कोरडा. म्हणून युरोपांत गड्डा शरद ऋतूंत लावतात. त्याच्या उंचीच्या तिपटी-चौपटीइतका खोल, वीत-दीड वीत अंतरावर, निचऱ्याच्या जमिनींत आणि भर उन्हांत. थंडी खाल्ल्याशिवाय तो नीट फुलत नाहीं, आणि उन्हाळ्यांत ओल राहिली तर कुजतो. आपल्या कोंकण-देशावर ज्येष्ठ-आषाढाचा पाऊस नेमका त्याच्या झोंपेच्या वेळीं कोसळतो. तेव्हां या फुलाची हौस येथें कोणी धरूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. त्याची आणखी एक खोड आहे. फूल उमलण्याच्या सुमारास पानें पिवळीं पडून वाळूं लागतात. म्हणून जाणता माळी त्याला एकटें उभें करीत नाहीं. पुढें कमी उंचीचीं, दाट पानांचीं झाडें लावतो. वाळकीं पानें त्यांच्याआड झाकलीं जातात आणि वर नुसते जांभळे चेंडू अधांतरीं तरंगतात.

हें साधण्यास मुळांत तसा ताटवा हवा. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत इंग्लंडमध्यें शोभेच्या झाडांचे गालिचे अंथरण्याची रीत होती. सारें एका उंचीचें, एका रेषेंतलें. त्याविरुद्ध विल्यम रॉबिन्सननें १८७० आणि १८८३ सालच्या आपल्या ग्रंथांतून हत्यार उपसलें. गर्ट्रूड जेकिल या बाई मूळच्या चित्रकार. दृष्टि अधू झाल्यावर त्यांनीं बागेचाच चित्रफलक केला आणि १९०८ सालीं ताटव्यांतील रंगसंगतीवर पुस्तक लिहिलें. बहुवर्षायु झाडांचा उंचसखल, रंगांच्या लाटांचा कडेचा ताटवा यांच्या काळांत रूढ झाला. कांद्याला जागा तयार झाली ती तेव्हां. परंतु त्या जागीं जाऊन बसावयास त्यास आणखी अर्धें शतक लागलें.

काळसर रंगाचें एक दुखणें आहे. तो लांबून दिसत नाहीं. सांवलींत लावला तर भोक पडल्यासारखा भासतो, आणि तिन्हीसांजेला सर्वांत आधीं नाहींसा होतो. त्याच्यामागें प्रकाश किंवा शेजारीं उजळ रंग हवाच. हें सर्वांच्या डोळ्यांपुढें आणलें तें रोझमेरी व्हेरी या बाईंनीं. ग्लॉस्टरशायरमधील बार्न्सली हाउस या आपल्या घराच्या बागेंत त्यांनीं लॅबर्नमच्या झाडांची कमान केली आणि खालीं दोहों बाजूंस जांभळे कांदे लावले. लॅबर्नम म्हणजे काय, हें आपल्यास सांगावयास नको. आपल्या बहाव्याला इंग्रज लोक 'इंडियन लॅबर्नम' म्हणत आले आहेत. वरून लोंबणारे पिवळे घोंस आणि खालून वर उठलेले जांभळे गोंडे, यांची गांठ वर्षांतून दोनतीन आठवडेच पडते. त्या एका वाटेचीं छायाचित्रें जगभर गेलीं, आणि ज्यांनीं कांदा फक्त फोडणींत पाहिला होता त्यांनींही तो बागेंत लावावयास घेतला. एसेक्समध्यें बेथ चॅटो बाईंनीं १९९१-९२ च्या सुमारास एका जुन्या वाहनतळावर खडीची बाग केली. तेथें पाऊस वर्षाला सुमारें २० इंच, आणि बाहेरून पाणी घालावयाचें नाहीं हा बाईंचा नेम. त्या कोरड्या बागेंत या कांद्यांना तुर्कस्तानच भेटल्यासारखें झालें असल्यास नवल नाहीं.

या काळांत सर्वांत गडद म्हणून जी निवड गाजली ती हॉलंडमध्यें १९६३ सालीं निघालेली 'पर्पल सेन्सेशन'. तिचा गोंडा पेरूएवढा, दांडा तीन फुटांचा, रंग जांभळाच्या पाण्याचा. हा रंग ज्या वर्गांतल्या द्रव्यांचा, त्याच वर्गांतलीं द्रव्यें आपल्या लाल कांद्याच्या सालींत असतात. ही निवड गड्ड्याला फुटणाऱ्या पिल्लांनीं वाढवितात, म्हणून प्रत्येक झाड पहिल्या झाडाचीच फांदी, असें म्हटलें तरी चालेल. पण गोंडा वाळेपर्यंत राहूं दिला तर बीं गळतें, आसपास उगवतें, आणि चारपांच वर्षांनीं तीं रोपें फुलतात तेव्हां त्यांत कोणी फिकट, कोणी गुलाबीसर निघतात. माळ्यानें दुर्लक्ष केलें कीं कांहीं वर्षांत सारा ताटवा पांढुरका पडतो, आणि धनी म्हणतो, माझा कांदा उलटला! उलटलेला कांहीं नसतो. मूळचा गड्डा पोरांच्या गर्दींत हरवलेला असतो. म्हणून रंगाची चाड असणारे लोक फूल ओसरतांच गोंडा कापतात. पीट ओडॉल्फ या डच उद्यानकाराच्या मताचे लोक तो कापीत नाहींत; वाळका गोंडा त्यांना फुलाइतकाच प्रिय. दोघांचेंही म्हणणें मला पटतें, परंतु बाग माझी असती तर मीं कात्री हातीं घेतली असती.

आतां नांवाची शेवटची हकीकत. हीं फुलें अफलातूनच्या कांद्याचीं, अशा समजुतीनें डच बागाईतदार कित्येक दशकें विकीत होते. जर्मनींतील गाटर्सलेबेन येथील राइनहार्ड फ्रिट्श या कांद्याच्या अभ्यासकानें तपासून पाहिलें तों बाजारांतला गड्डा आणि अफलातूनच्या डोंगरावरचा गड्डा हे निराळे निघाले. १९९३ सालीं त्यानें बाजारांतल्या जातीस स्वतंत्र नांव दिलें. ती जात मूळची इराणची. परंतु शास्त्रानें हाताशीं धरलेलें झाड हॉलंडच्या शेतांत वाढलेलें, म्हणून नांव पडलें 'हॉलंडिकम'. 'पर्पल सेन्सेशन' ही या जातीची. ज्या देशांत डोंगर म्हणून औषधालाही नाहीं, त्या देशाचें नांव एका डोंगरी फुलास मिळालें!

शास्त्राच्या पुस्तकांत ही दुरुस्ती झाली, तरी दुकानांत ती पुरती पोंचलेली नाहीं. युरोपांत शरद ऋतूंत गड्ड्यांच्या पिशव्या विक्रीस येतात. त्यांपैकीं अनेकांवर अजून 'अफलातुनेन्से' असेंच छापलेलें असतें, आणि आंत गड्डा असतो तो बहुधा हॉलंडिकमचा. खरा अफलातूनचा कांदा बाजारांत क्वचितच मिळतो.